नऊ वाजता बोलावलेली माणसं

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा सामना मंगळवारी किंवा बुधवारी रात्री नऊला असला की दुसऱ्या दिवशी सकाळी एकच विषय निघतो. संघ जिंकला की हरला हे बाजूला राहतं. टीव्हीवर समोर दिसणाऱ्या, मैदानाला लागून असलेल्या रांगांमध्ये किती खुर्च्या मोकळ्या होत्या, यावरच सगळे तुटून पडतात. या खुर्च्या ज्यांच्या नावावर आहेत ते बहुतेक जुने माजी विद्यार्थी, देणगीदार, साठी-सत्तरी ओलांडलेले. मग त्यांना दूषणं देणं सुरू होतं. पैसा आहे पण जिव्हाळा आटला, स्वतः येत नाहीत आणि दुसऱ्याला बसू देत नाहीत, आले तरी टाळी वाजवायला हात उचलत नाहीत. विद्यापीठाच्या चॅपल हिल या गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर केरी आणि मॉरिसव्हिलमध्ये मराठी घरं आता पुष्कळ आहेत. आमची मुलं त्या विद्यापीठात शिकतात, बास्केटमागच्या विद्यार्थ्यांच्या गर्दीत उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडतात, आणि घरी येऊन हेच बोलतात. त्यांचा राग मला समजतो. पण तो चुकीच्या माणसांवर निघतो आहे.

आधी घड्याळ पाहू. नऊचा सामना पुष्कळदा नऊला सुरूच होत नाही. त्याच वाहिनीवर सातचा सामना चालू असतो. तो लांबला की हा रखडतो. खेळ खरा चाळीस मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं. पण प्रत्येक सत्रात जाहिरातींसाठी ठरलेले चार टाइमआऊट, त्यावर दोन्ही कोचांचे टाइमआऊट, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती. सामना अटीतटीचा असेल तर शेवटची दोन मिनिटं संपता संपत नाहीत. फाऊल, फ्री थ्रो, पुन्हा टाइमआऊट, मग पंच पडद्याशी जाऊन तोच क्षण तीनतीनदा पाहणार. सव्वाअकरा सहज होतात. त्यानंतर शटल बसची रांग. फ्रायडे सेंटरसारख्या लांबच्या पार्किंगला पोचून गाडी सुरू करेपर्यंत पावणेबारा. तिथून ग्रीन्सबरोला तास लागतो, शार्लटला सव्वादोन तास, विल्मिंग्टनला अडीच. म्हणजे शार्लटहून आलेल्या माणसाला घराचं कुलूप उघडायला रात्रीचे दोन वाजून जातात, आणि तेही रस्त्यावर काही अडलं नाही तर. या विद्यापीठाची माणसं राज्यभर पांगलेली आहेत. विद्यापीठ राज्याचं आहे आणि इथला पदवीधर आपल्या गावी जाऊन वकील, डॉक्टर, शिक्षक, बँक मॅनेजर झाला, हीच तर त्या विद्यापीठाची पुण्याई. त्याच पांगण्याचा दंड आता त्याला भरावा लागतो.

आता शरीराचं बघू. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, भिंग पिवळट होतं, आणि समोरून प्रखर दिव्यांची गाडी आली की तिरीप डोळ्यांतून जायला वेळ लागतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रत्येक दिव्याभोवती तेजोवलय दिसतं. शरीराचं झोपेचं घड्याळही वयाबरोबर अलीकडे सरकतं. नऊला जांभया आणि पहाटे चार-साडेचारला टक्क जाग, हे आपल्याही घराघरांत आजी-आजोबांचं चालूच असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार जावं लागतं. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका थंडीचा आणि अंधाराचा. जानेवारीत इथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. पावसानंतर पारा गोठणबिंदूखाली गेला की पुलांवर न दिसणारा बर्फाचा थर धरतो, आणि कडेच्या झाडीतून हरणं अचानक गाडीपुढे येतात. या सगळ्यातून पंचाहत्तरीच्या माणसाने मध्यरात्री आंतरराज्य महामार्ग ४० वरून एकट्याने गाडी हाकत जावं, ही अपेक्षा करणाऱ्यांनी आपल्या वडिलांना तशी परवानगी दिली असती का?

आमच्या वस्तीत असे एक गृहस्थ आहेत. साठच्या दशकात चॅपल हिलला शिकले, इथेच संसार केला, आता पत्नीसह शांतपणे राहतात. शनिवारी दुपारी सामना असला की फिकट निळा स्वेटर घालून दोघं अकरा वाजताच निघतात. आधी गावात जेवण, मग जुन्या दगडी भिंतीकडेने विद्यापीठाच्या आवारात एक फेरी, मग सामना. बुधवारी रात्री नऊला मात्र ते घरी असतात. एकदा अशा रात्री काहीतरी परत द्यायला त्यांच्याकडे गेलो. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद, शेजारी रेडिओ चालू. या राज्यातली ही जुनी सवय. वुडी डरहॅम यांनी १९७१ ते २०११ अशी चाळीस वर्षं रेडिओवर या संघाचं समालोचन केलं, आणि घरोघरी चित्र टीव्हीचं आणि आवाज वुडींचा अशी रीत पडली. आता टीव्हीचं चित्र रेडिओच्या मागे पडतं. बास्केट झाल्याचं आधी कानाला कळतं, डोळ्यांना नंतर. तरीही ते रेडिओ बंद करत नाहीत. मांडीवर वही होती, तीत प्रत्येक खेळाडूचे फाऊल पेन्सिलीने मांडलेले. राखीव खेळाडूंतला नववा मुलगा कुठल्या गावचा, त्याचा गुडघा का दुखतोय, हे त्यांना ठाऊक. या माणसाच्या मोकळ्या खुर्चीकडे बोट दाखवून कुणी म्हणावं की याला आता प्रेम उरलं नाही?

खुर्ची त्यांच्या नावावर का आहे, हेही सांगायला हवं. डीन स्मिथ सेंटर हे स्टेडियम सरकारी पैशातून उभं राहिलेलं नाही. ते खासगी देणग्यांतून बांधलं गेलं, आणि देणाऱ्यांना चांगल्या जागांवर दीर्घकाळाचा हक्क मिळाला. पहिला सामना १८ जानेवारी १९८६ रोजी झाला, ड्यूक या शेजारच्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाशी, आणि कॅरोलायना ९५-९२ असा जिंकली. तो शनिवार होता. ज्यांचं नाव वास्तूला दिलं ते डीन स्मिथ तेव्हा स्वतः कोच होते. १९६१ पासून १९९७ पर्यंत ते या संघाचे कोच राहिले आणि ८७९ सामने जिंकून निवृत्त झाले. त्यांच्यावरच्या मायेपोटी लोकांनी चेक फाडले. पंचेचाळिशीत ज्याने चेक दिला तो आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. देणगी घेताना त्याला कुणी सांगितलं नव्हतं की तुमची जागा कायम राहील, पण सामन्याची वेळ मात्र आम्ही दुसऱ्या कुणाला विकू.

वेळ विकली गेली ती कशी, याचा इतिहास याच राज्यात घडला आहे. १९५७ साली कोच फ्रँक मॅग्वायर यांचा कॅरोलायनाचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला. आदल्या रात्री उपांत्य सामन्यात मिशिगन स्टेटविरुद्ध तीन जादा डाव खेळावे लागले होते. २३ मार्चला कॅन्सस सिटीत समोर विल्ट चेंबरलेन खेळत असलेला कॅन्सस विद्यापीठाचा संघ. पुन्हा तीन जादा डाव, आणि एका गुणाने विजय, ५४-५३. सी. डी. चेस्ली नावाच्या उद्योगी माणसाने हा सामना नॉर्थ कॅरोलायनातल्या मूठभर टीव्ही केंद्रांवर दाखवायची व्यवस्था केली. तो संपला तेव्हा इकडे मध्यरात्र उलटली होती आणि अख्खं राज्य जागं होतं. आज ज्यांच्या खुर्च्या मोकळ्या दिसतात त्यांतले कितीतरी जण त्या रात्री आईबापांच्या मांडीशी बसून तो सामना पाहणारी पोरं होती. जागरणाचा त्यांना मुळातच कंटाळा आहे, असं म्हणायला जागा नाही. फरक एवढाच की ती शनिवारची रात्र होती, वर्षातून एकदाच येणारी होती, आणि पाहणारे आपल्या घरात होते.

त्या यशावर चेस्लींनी, कॅरोलायनाचा संघ ज्या विद्यापीठ-गटात खेळतो त्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या, म्हणजे एसीसीच्या, सामन्यांचं नियमित प्रक्षेपण उभं केलं. ग्रीन्सबरोची पायलट लाइफ ही विमा कंपनी प्रायोजक, आणि सामने प्रामुख्याने शनिवारी दुपारी. स्टेडियममध्ये बसलेल्याला आणि घरी बसलेल्याला एकच वेळ सोयीची होती. १९७९ मध्ये ईएसपीएन ही क्रीडावाहिनी सुरू झाली, १९८२ पासून एसीसीचं प्रक्षेपण रेकॉम आणि जेफरसन-पायलट या कंपन्यांकडे आलं, आणि मधल्या वारी रात्री लागोपाठ दोन सामने, एक सातचा आणि एक नऊचा, ही घडी बसत गेली. वाहिनीच्या बाजूने ती सोयीचीच आहे. पूर्वेला नऊ वाजतात तेव्हा शिकागोत आठ आणि कॅलिफोर्नियात सहा वाजलेले असतात. जेवणं उरकून सोफ्यावर बसलेला देश समोर असतो. सातचा प्रेक्षक नऊपर्यंत धरून ठेवता येतो. २०१९ मध्ये एसीसीची स्वतंत्र वाहिनी आली आणि भरायच्या वेळा आणखी वाढल्या. २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कलीसुद्धा ‘अटलांटिक किनाऱ्या’च्या या कॉन्फरन्समध्ये आहेत. प्रशांत महासागराकाठी जाऊन खेळायचं तर घड्याळाची तीन तासांची ओढाताण आलीच.

एखाद्या दुकानदाराने मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणून रोजच्या गिऱ्हाइकाला शटर अर्धं ओढल्यावर यायला सांगावं, तसं हे झालं आहे. आणि ते रोजचं गिऱ्हाईक आलं नाही की त्यालाच बेइमान ठरवायचं.

या भांडणात कॅमेऱ्याचा आणि इमारतीच्या रचनेचाही हात आहे, तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. दहा मैलांच्या आसपास असलेल्या ड्यूकचं कॅमेरून इनडोअर स्टेडियम १९४० चं, जेमतेम ९,३१४ माणसांचं. तिथे मैदानालगतच्या बाकांवर विद्यार्थी असतात आणि वयस्क मंडळी वरच्या मजल्यावर. नऊच्या सामन्याला वरचे काही जण आले नाहीत तरी कॅमेऱ्यात निळे रंग फासलेली पोरंच दिसणार. चॅपल हिलच्या सेंटरमध्ये २१,७५० जागा, आणि कॅमेऱ्याच्या बरोबर समोर देणगीदार. ड्यूकचा म्हातारा घरी राहिला तर कुणाला कळत नाही. कॅरोलायनाचा राहिला तर सगळ्या देशाला दिसतं. डिसेंबर १९९१ मध्ये फ्लॉरिडा स्टेटच्या सॅम कॅसेलने इथे सामना जिंकल्यावर इथल्या प्रेक्षकांना चीज खात वाइन पिणाऱ्या संथ मंडळींची उपमा दिली. ती इतकी चिकटली की तीन दशकांनंतरही निघत नाही. त्या शेऱ्यात तथ्य नव्हतंच असं नाही. खालच्या रांगा शांत असतात, आणि संघाला आवाज लागतो, हे खरं आहे. पण शांत बसणं आणि न येणं या वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीवरचा उपाय खुर्च्यांच्या मांडणीत आहे, दुसरीवरचा वेळापत्रकात. दोन्ही एकत्र कालवल्या की फक्त म्हाताऱ्यांना शिव्या देता येतात.

हवामानाची एक आठवण इथे द्यायलाच हवी. १२ फेब्रुवारी २०१४ ला, बुधवारी, ड्यूकशी इथे सामना होता आणि वेळ रात्री नऊची. दुपारपासून बर्फ पडू लागला, रस्त्यांवर गाड्या जागच्या जागी अडकल्या. शेवटी ड्यूकच्या खेळाडूंना आणायला निघालेली बसच त्यांच्यापर्यंत पोचू शकली नाही, तेव्हा सामना पुढे ढकलला गेला. व्यावसायिक चालकाच्या बसची ही गत, तर विन्स्टन-सेलमहून येणाऱ्या निवृत्त शिक्षिकेची काय? आणि नंतर नेमलेला दिवस कोणता, तर पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री नऊच.

पैशाची बाजू मी नाकारत नाही. टीव्हीच्या पैशावर बास्केटबॉलच काय, पोहणं, कुस्ती, मुलींचा फुटबॉल असे कितीतरी खेळ चालतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. ज्यांच्या घामावर हा सगळा डोलारा उभा आहे त्या मुलांना वाटा मिळायला लागला, ही फार उशिरा झालेली योग्य गोष्ट आहे. तो पैसा कुठून तरी यायला हवा, आणि म्हणून टीव्हीला नाही म्हणणं दिवसेंदिवस कठीण होत जाणार, हेही दिसतं आहे. मात्र याच कारणासाठी विद्यापीठ देणगीदारांच्या दारातही पूर्वीपेक्षा जास्त वेळा उभं राहणार आहे. एकाच माणसाकडून चेकही हवा, आणि त्याने रात्री दोनला घरी पोचावं ही अपेक्षाही हवी, असं फार काळ चालणार नाही.

आणि फक्त म्हातारेच अडचणीत आहेत असंही नाही. ग्रीन्सबरोतला तिशीतला माजी विद्यार्थी दोन लहान मुलांना कुणाकडे ठेवून येणार, सकाळी सातला कामावर कसा जाणार? दहा वर्षांच्या पोराला तर शाळेच्या आदल्या रात्री कुणी आणतच नाही. ज्या वयात या निळ्या रंगाचं वेड लागायचं, त्या वयाची मुलं या सामन्यांतून बाहेरच राहतात. वयस्क माणसं निदान पूर्वीच्या आठवणींवर देणगी देत राहतील. या मुलांकडे आठवणीच नसतील. माझ्या दृष्टीने नऊच्या वेळेचं खरं नुकसान हे आहे, आणि ते टीव्हीवर मोकळ्या खुर्चीइतकं ठळक दिसत नसल्याने त्याची चर्चा होत नाही.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं अवघड फारसं नाही. कॉन्फरन्सने वाहिनीशी बोलताना एवढी एक अट घालावी की मधल्या वारचे नऊचे सामने कुठल्याही संघाच्या वाट्याला घरच्या मैदानावर हंगामात दोनांहून अधिक येणार नाहीत, आणि डिसेंबरमधल्या दुय्यम संघांविरुद्धच्या सामन्यांना तर ती वेळ द्यायचीच नाही. ड्यूकशी सामना असेल तर माणसं रात्री बारालाही येतील. कुणा दूरच्या लहान कॉलेजशी असलेल्या सामन्यासाठी म्हाताऱ्याने जिवावर उदार का व्हावं? पार्किंगच्या बाबतीत, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना अशा रात्रीपुरती दाराजवळची जागा द्यायला हरकत नसावी. वाहिनीच्या गाड्यांना ती मिळतेच.

खुर्चीवाल्यांचंही एक कर्तव्य आहे, ते त्यांनी टाळू नये. आपण जाणार नाही हे ठाऊक असूनही तिकीट खिशात ठेवणं बरोबर नाही. ती जागा त्या रात्री विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे, आणि विद्यार्थी तिथे उभा राहून ओरडला तर शेजारच्याने त्याला खाली बस म्हणू नये. आमच्या वस्तीतले ते गृहस्थ हे मानतात. अडचण अशी की तिकिटं आता फक्त मोबाइलवर असतात, ती दुसऱ्याला पाठवायची म्हणजे पासवर्ड, पडताळणीचा कोड, समोरच्याचं खातं, आणि यातल्या कुठल्याही पायरीवर घोडं अडतं. त्यांची नात घरी आलेली असेल तर काम होतं, नाहीतर तिकीट तसंच वाया जातं. एक फोन नंबर, पलीकडे एक माणूस, आणि सामन्याच्या दिवशी दुपारपर्यंत ‘आमच्या दोन जागा मुलांना द्या’ एवढं सांगायची सोय, इतकं पुरे आहे. जागा सोडली म्हणून पुढच्या वर्षी हक्काला धक्का लागणार नाही, हे मात्र लेखी असावं. ती भीती खरी आहे, आणि तिकीट खिशात राहण्याचं ते मोठं कारण आहे.

एसीसीचं वेळापत्रक साधारण सप्टेंबरात जाहीर होतं. त्याच सुमाराला विद्यापीठाने या मंडळींच्या घरी एक पत्र पाठवावं. त्या पत्रात नऊच्या सामन्यांची यादी वेगळी छापावी, प्रत्येक तारखेपुढे एक चौकट असावी, आणि ज्याला यायला जमणार नाही त्याने तिथे खूण करून पत्र परत पाठवलं की ती जागा त्या रात्रीपुरती विद्यार्थ्यांच्या यादीत जावी. टपालाचा खर्च विद्यापीठाने उचलावा.